परीक्षा कोणाची?

शोकाकुल घरी भेटीस गेलेल्या मंडळीच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : “देव तुमची परीक्षा पाहत आहे.” बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे वाक्य खरे आहे काय? मुद्दाम घडवून आणलेल्या एका अपघाताच्या आधारे याचा विचार करू.

१ डिसेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नासा व अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन यांनी एक बोइंग ७२० विमान जाणूनबुजून जमिनीवर आदळवले. वैमानिक जमिनीवर बसून दूरनियंत्रणाने ते चालवीत होता. आसनांवर मानवाकृती पुतळे बांधले होते. जिवंत मनुष्य आत एकही नव्हता. धडकेनंतर इंधनाचे तुषार उडून भडका होऊ नये म्हणून इंधनात एक विशेष द्रव्य मिसळले होते व त्यावर मोठी भिस्त होती. परंतु डावा पंख आधी टेकला, विमान वळले, टाक्या फोडण्यासाठी रोवलेल्या पोलादी पात्यांपैकी एक उजवीकडील इंजिनात घुसले आणि आगीचा लोळ उठला. तो विझवण्यास तासाहून अधिक वेळ लागला. आत माणसे असती तर जेमतेम चतुर्थांश वाचली असती, असा अंदाज निघाला. तेव्हा त्या द्रव्याचा आग्रह सोडून देण्यात आला.

येथे दोन गोष्टी ध्यानी घ्या. पारख करणाऱ्यांनी जिवंत माणूस पणाला लावला नाही. आणि आपला आवडता उपाय जळताना पाहून त्यांनी तो खरा मानण्याचा हट्ट धरला नाही.

याकोब आपल्या पत्रारंभी परीक्षांत ‘सापडण्या’विषयी लिहितो. तेथील ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी दोनच ठिकाणी येते : यरीहोच्या वाटेवरील मनुष्य लुटारूंच्या हाती सापडला तेथे, आणि पौलाचे तारू फुटण्यापूर्वी दोन प्रवाहांच्या मध्ये सापडले तेथे. लुटारू देवाने धाडले होते, असे प्रभू सांगत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक दोषी नव्हते, हेही त्यानेच सांगितले.

तुम्ही म्हणाल, अब्राहामाची परीक्षा देवानेच पाहिली ना? होय, पण उगारलेला हात त्यानेच थांबवला. ईयोबाची मुले मात्र परत आली नाहीत. ते कोडे मला सुटलेले नाही. एवढे दिसते की, ईयोबाला कारणे समजावून सांगणाऱ्या मित्रांवरच देवाचा कोप झाला; पहिले सात दिवस ते नुसते जवळ बसले होते, त्याबद्दल नव्हे.

आपले सांत्वनाचे वाक्यही भडका टाळण्यासाठी मिसळलेले द्रव्यच आहे. पुत्र गमावलेल्या मातेपुढे ते उच्चारून पाहा. आग विझते की वाढते? वाढत असेल, तर ते सोडून देण्याची नम्रता आपल्याठायी असावी.

आपला देव दूर सुरक्षित बसून माणसांना आदळवून पाहणारा नव्हे. कोसळणाऱ्या विमानात त्याने स्वतः आसन घेतले. त्यालाच आपण वधस्तंभ म्हणतो. म्हणून शोकाच्या घरी जाताना उत्तर घेऊन जाऊ नका. जेवणाचा डबा न्या, आणि जवळ बसा.