किती सांगितलं म्हणजे पुरे?

२०२५ च्या डिसेंबरअखेर सर्वोच्च न्यायालयाने एक परिपत्रक काढलं. तोंडी युक्तिवादाला किती वेळ लागेल ते वकिलांनी आधी कळवावं आणि लेखी टिपण पाच पानांपेक्षा मोठं नसावं, असा त्याचा मथितार्थ. आमच्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाला ते लागू नाही. पण वरच्या आळीत पाऊस पडला की खालच्या आळीतले लोक छत्र्या काढतात. आमच्या बार रूममध्ये चहाबरोबर कितीतरी दिवस हाच विषय चघळला जात होता. एक कन्नड सहकारी म्हणाले, "वकीलसाहेब, तीस वर्षांचं भांडण आणि पाच पानं? पक्षकाराला काय तोंड दाखवायचं?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला एक म्हातारी आठवली.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलोपार्जित जमिनीतला वाटा भावाकडे मागणारी एक विधवा माझी पक्षकार होती. भावाने घरगुती समजुतीचा एक कागद हजर केला होता. त्यावर बहिणीचा म्हणून अंगठा होता. "ती निरक्षर आहे" असं त्याचं म्हणणं. बाई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि त्या कागदाच्या तारखेआधीच्या पोस्टाच्या बचत खात्याच्या कागदांवर तिची स्वच्छ सही होती. हा पुरावा मी दाखलही केला होता. मग लेखी युक्तिवाद लिहायला बसलो आणि बासष्ट पानं लिहिली. मुदतीचा कायदा, वारसा, कब्जा, जुने निवाडे, काही म्हणता काही सोडलं नाही. सहीचा मुद्दा एकेचाळिसाव्या पानावर एका परिच्छेदात आला.

तो युक्तिवाद मी तिला मराठीत वाचून दाखवला. आईच्या पाटल्यांचा विषय आला तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. शेवटी म्हणाली, "सगळं आलं ना, वकीलसाहेब? माझं काही राहिलं नाही ना?" त्या दिवशी ती समाधानाने घरी गेली. पुढे दावा फेटाळला गेला. निकालपत्रात सहीचा उल्लेखसुद्धा नव्हता. अपिलात मी तो मुद्दा पहिल्या पानावर घेतला आणि अपील मंजूर झालं. पण तोवर सहा वर्षं गेली होती. पेढे घेऊन तिची मुलगी आली. म्हातारी आदल्या पावसाळ्यातच गेली होती. तो पेढा मला गिळवेना.

न्यायाधीशांनी सगळं वाचायला हवं होतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. ते खरंही आहे. पण सुईसाठी गवताची गंजी मीच रचली होती, हेही तितकंच खरं.

पाल्हाळाचा राग न्यायालयांना आजचा नाही. १५९६ साली इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात एका वादीच्या मुलाने सोळा पानांत मावणारं प्रत्युत्तर एकशेवीस पानांचं केलं. न्यायालयाने हुकूम केला की त्या कागदांच्या मधोमध भोक पाडावं, त्यातून त्याचं डोकं घालावं आणि कामकाज चालू असताना वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याला बोडक्याने फिरवावं. वर दहा पौंड दंड. थोडक्यात, त्याची धिंडच. आमच्याकडे अशी शिक्षा असती तर मी तो हार कितीदा घातला असता!

अमेरिकेत हा वाद अलीकडे पुष्कळ गाजला. तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयांत मुख्य लेखी युक्तिवादाला पूर्वी पन्नास पानांची मर्यादा होती. संगणक आल्यावर वकील अक्षर बारीक करून तेवढ्याच पानांत जास्त मजकूर कोंबू लागले. म्हणून १९९८ मध्ये शब्द मोजायचं ठरलं : चौदा हजार. पुढे ते साडेबारा हजारांवर आणण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हा अपिलं चालवणाऱ्या वकिलांनी मोठी हरकत घेतली. गुंतागुंतीच्या खटल्यात मुद्दे गाळावे लागतील, आणि एकदा गाळलेला मुद्दा पुढे उचलता येणार नाही, ही त्यांची भीती. अखेर २०१६ च्या डिसेंबरपासून तेरा हजारांवर तडजोड झाली.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. मला त्या वेळी कोणी पाच पानांची सक्ती केली असती, तर मी काय केलं असतं? प्रामाणिकपणे सांगतो, सहीचा मुद्दा मी गाळला असता. तेव्हा मला मुदतीचा मुद्दाच हुकमी वाटत होता. लांबीत मुद्दा पुरला जातो, मर्यादेत तो कापला जातो. पुरलेलं निदान उकरून काढता येतं. म्हणजे मर्यादा घातल्याने शहाणपण येत नाही. निवड करावी लागते, एवढंच. निवडणाऱ्याची समज कमी असेल तर त्याचा भुर्दंड पक्षकाराला.

मग मर्यादा नकोच का? तसंही म्हणता येत नाही. माझ्या बासष्ट पानांना लागलेला वेळ न्यायाधीशांच्या खिशातला नव्हता. तो बाहेर व्हरांड्यात भाकरी बांधून आलेल्या, तारखेवर तारीख घेणाऱ्या दुसऱ्या कोणाचा तरी होता. आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क मोठा खरा, पण रांगेत मागे उभा असलेल्याचाही तोच हक्क आहे.

प्राचीन अथेन्सची न्यायसभा मला इथे वाट दाखवते. तिथे वादी-प्रतिवादींचं बोलणं पाण्याने मोजत. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र असायचं, त्याच जातीचं ते यंत्र. फक्त ते पाण्यात बुडत नसे, त्यातून पाणी गळत असे. दोन्ही बाजूंना माप सारखं, आणि दाव्याची रक्कम मोठी असेल तर पाणी जास्त. सर्वांत शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. खाजगी दाव्यांत साक्षी किंवा कायदा वाचून दाखवताना पाणी थांबवत. मर्यादा बोलणाऱ्याच्या वक्तृत्वाला होती, पुराव्याला नव्हती.

आपल्या दुभाषी मुलखात तर मोजणीचा घोटाळा आणखी वाढतो. मराठीतलं 'घरासमोरच्याने' हा एक शब्द. कन्नडात 'मनेयल्लिद्दवनु', म्हणजे घरात असलेला माणूस, हाही एकच. इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. मूळ कागद कन्नड, साक्ष मराठी, युक्तिवाद इंग्रजी. यातल्या कुठल्या भाषेचे शब्द मोजायचे? सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. असल्या वादातले कागद काय पाच पानांत मावणार? म्हणून अपवादाचं दार हवंच. पण ते दार ठोठावणाऱ्याने कारण सांगावं.

आणि माप दोन्हीकडे हवं. २०२१ मध्ये दिल्ली विधानसभेची समिती आणि फेसबुकचे अधिकारी यांच्या खटल्यात सव्वीस तास सुनावणी झाली. तिथे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी वकिलांना रेन अँड मार्टिनच्या सारांशलेखनाची आठवण करून दिली आणि निकालपत्रंही स्पष्ट व आटोपशीर हवीत, असं म्हटलं. मला ते पटलं. जो म्हणतो "पाचच पानं द्या", त्याने ती पाचही पानं वाचण्याचं वचन दिलेलं असतं. ते पाळलं गेलं नाही तर मर्यादा म्हणजे नुसतं तोंड बंद करणं.

पण म्हातारीचं काय? "माझं काही राहिलं नाही ना?" या प्रश्नाला उत्तर काय? ऐकून घेतलं जाणं ही माणसाची भूक आहे आणि ती खोटी नाही. माझी चूक एवढीच की ती भूक मी न्यायालयाच्या ताटात भागवायला गेलो. ती माझ्या ओसरीवर भागायला हवी होती. न्यायालयाने थोडं ऐकावं असं वाटत असेल, तर वकिलाने आधी सगळं ऐकलं पाहिजे.

आता मी तसंच करतो. पक्षकार बोलत असतो तेव्हा पेन खाली ठेवतो. पाटल्या, राखी, बांधावरचा आंबा, सगळं येऊ देतो. मग शेवटी एकच विचारतो, "यातलं काय राहिलं तर तुम्हाला रात्री झोप लागणार नाही?" उत्तराला वेळ लागतो. कधी कधी ते दुसऱ्या दिवशी येतं. पण पहिल्या पानावर काय लिहायचं, ते मला तिथे कळतं. बाकीची चार पानं मग जड जात नाहीत.