गुणवत्ता यादी आणि सेवेचा अधिकार

महाराष्ट्रात बारावीनंतर चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग पदवीसाठी राज्याच्या सीईटी सेलमार्फत घेतल्या जाणाऱ्या 100 गुणांच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी यांच्या जोडीला ‘नर्सिंग ॲप्टिट्यूड’, म्हणजे परिचर्येचा कल तपासणारा, असाही एक विभाग असतो. पहिल्या चार विषयांत ज्ञान मोजले जाते. पाचव्यात मात्र रुग्णसेवेकडे असलेला मनाचा ओढा पर्यायी उत्तरांतून जोखण्याचा प्रयत्न होतो, आणि तेथेच एक जुना प्रश्न उभा राहतो. सेवेचा अधिकार, म्हणजे ते कर्म करण्याची आंतरिक पात्रता, परीक्षेने ठरू शकतो काय?

भारतीय परंपरेत परिचारकाच्या पात्रतेचा विचार फार पूर्वी झाला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद मानले असून परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच असे चार गुण अपेक्षिले आहेत. बौद्ध विनयपिटकात अतिसाराने पीडित आणि दुर्लक्षित भिक्षूला बुद्धाने आपला शिष्य आनंद याच्या साहाय्याने स्वतः धुऊन-पुसून निजवल्याची कथा येते. त्याच प्रकरणात चांगल्या परिचारकाला मलमूत्राची व ओकारीची किळस नसावी आणि त्याने लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा करावी, असे सांगितले आहे. या गुणांपैकी केवळ ज्ञानच प्रश्नपत्रिकेच्या आवाक्यात येते. दक्षता हाताला सवयीने येते, शौच शिस्तीने अंगी बाणते, किळस ओसरण्यासाठी प्रत्यक्ष वॉर्डात उभे राहावे लागते, आणि अनुराग तर रुग्ण समोर असल्याखेरीज प्रकटच होत नाही.

तरीही गुणवत्ता यादी निरर्थक ठरत नाही, कारण तिचे कार्य अधिकार सिद्ध करण्याचे नसून मोजक्या जागांचे न्याय्य वाटप करण्याचे आहे. अधिकार जन्मावरून, लिंगावरून वा वैवाहिक स्थितीवरून ठरवला जात असे, तो काळ फार दूरचा नाही. पुण्यात 1909 मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्याला अशाच समजुतींशी झुंजावे लागले. आज पुण्यालगतच्या मुळशी तालुक्यात एकीकडे हिंजवडीचे आयटी पार्क आहे, तर दुसरीकडे ताम्हिणीच्या बाजूची डोंगरातली गावे आहेत. अशा गावातील मुलीपाशी ओळख वा शिफारस नसली, तरी यादीतला क्रमांक तिला दारापर्यंत पोहोचवतो. मात्र दार उघडणे म्हणजे पात्रता सिद्ध होणे नव्हे.

पात्रता प्रवेशानंतर घडत असेल, तर पसंतीक्रमाचा अर्ज भरताना संस्थेविषयी विचारायचा प्रश्नही बदलतो. नावलौकिक वा मागील वर्षीचा कटऑफ यांपेक्षा संलग्न रुग्णालय महत्त्वाचे ठरते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत पदवी महाविद्यालयाला किमान 100 खाटांचे स्वतःचे रुग्णालय आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण अपेक्षित आहे, ते याच कारणासाठी. खाटा रिकाम्या असतील, तर दक्षता पुस्तकातच राहते. मुळशीतच लवळे येथे सिंबायोसिसचे रुग्णालय आहे, पुण्यात ससूनसारखे गर्दीचे सरकारी रुग्णालय आहे, आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिचर्या महाविद्यालयात शिक्षणाबरोबरच लष्करी परिचर्या सेवेत काम करण्याचे बंधपत्रही येते. पदवीऐवजी तीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राचा, पदविका अभ्यासक्रमही निवडता येतो. या वाटांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा एकच क्रम लावता येत नाही, कारण प्रत्येक वाट वेगळ्या प्रकारच्या रुग्णापाशी आणि वेगळ्या बंधनापाशी नेते.

येथे एक आक्षेप संभवतो. घरची आर्थिक स्थिती, शुल्क, वसतिगृह आणि परदेशी नोकरीची आशा हे सारे हिशेब मांडून केलेली निवड लाभाच्या आशेने केलेली नव्हे काय? विनयातील अपेक्षा भिक्षूंसाठी होती, ज्यांचे अन्नवस्त्र समाज पुरवीत असे. पगारावर कुटुंब चालवणाऱ्या परिचारिकेला ती तशीच लावणे अन्यायाचे होईल, शिवाय ‘सेवा’ या नावाखाली कमी वेतन खपवून घेण्याची सवय त्यातूनच पोसली जाते. निष्काम कर्माच्या विचारातही फळाचा त्याग म्हणजे वेतनाचा त्याग नव्हे, तर कर्म करीत असताना फळाची आसक्ती कर्मात न मिसळू देणे होय. रात्रपाळीला तिसऱ्यांदा बेल वाजवणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णाकडे परिचारिका कशी जाते, यात त्या आसक्तीची कसोटी लागते, वेतनचिठ्ठीत नाही.

म्हणून प्रवेशाच्या फेऱ्यांत हिशेब करणे हा दोष नाही. तो हिशेब अपुरा राहणे हा दोष आहे. शुल्क आणि अंतर यांच्या शेजारी त्या संस्थेत विद्यार्थिनीला रोज किती रुग्णांपाशी उभे राहावे लागेल आणि तिची चूक कोण वेळीच दाखवून देईल, हे दोन रकाने भरल्यावरच ती निवड विवेकाची ठरते. अधिकार त्या चार वर्षांत कमावायचा असतो, आणि कोणत्याही गुणवत्ता यादीला तो आगाऊ देता येत नाही.