उतरण हीदेखील यात्राच

तीर्थयात्रेची वर्णने बहुधा शिखरावर येऊन थांबतात. चढणीचे कष्ट, दर्शनाचा क्षण, डोळ्यांत दाटून आलेले पाणी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. दर्शनानंतर त्याच वाटेने खाली यावे लागते, त्या परतीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तरुण वयात हे खपून जाते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या पदयात्रीची खरी कसोटी उतरणीवरच लागते आणि तिथे गुडघ्यांबरोबर मनाचीही परीक्षा होते.

श्रीदत्तभक्त मराठी भाविक ज्या गिरनारला मोठ्या श्रद्धेने जातात, त्याचेच उदाहरण घ्यावे. जुनागढजवळील भवनाथ तळेटीपासून गुरुशिखरावरील श्रीदत्तपादुकांपर्यंत सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत, असे परंपरेने सांगितले जाते. वाटेत जैन मंदिरे, अंबामातेचे मंदिर आणि गुजरात राज्यातील सर्वोच्च असे गोरक्षनाथ शिखर लागते. गोरक्षनाथाहून दत्तशिखराकडे जाताना प्रथम खाली उतरावे लागते, मग पुन्हा चढण सुरू होते. परतताना हाच क्रम उलटा येतो. दि. २४ ऑक्टोबर २०२० रोजी तळेटी ते अंबाजी हा रज्जुमार्ग सुरू झाला आणि जवळजवळ निम्म्या पायऱ्या वाचल्या. तथापि पुढील चढउतार पायांनाच करावा लागतो. म्हणजे रज्जुमार्गाने गेलेल्या भाविकाचीही उतरणीतून सुटका नाही.

चढताना धाप लागते; थांबले की ती ओसरते. उतरताना तसे होत नाही. प्रत्येक पायरीवर शरीराचा भार झेलावा लागतो. मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू त्या वेळी ताणले जात असतात आणि त्याच वेळी वेगाला आवरही घालत असतात. गुडघ्यांवर मोठा दाब येतो. धाप लागत नसल्याने थकवा ध्यानात येत नाही. तो पायांच्या थरथरीतून एकाएकी प्रकट होतो. पहाटेच्या गारव्यात चढलेला यात्रेकरू उतरू लागतो तेव्हा ऊन वर आलेले असते, पोटात अन्न कमी असते आणि दर्शन झाल्यामुळे मन सैल पडलेले असते. पाय घसरण्यास एवढे पुरेसे होते.

अशा वेळी आधार घ्यावा की नाही, हा प्रश्न वरकरणी साधा दिसतो. परंतु अनेक ज्येष्ठ भाविक काठी नाकारतात, पुढे आलेला हात नाकारतात, डोलीचे नाव काढले तरी दुखावतात. त्यांची भूमिका हट्टाची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. कोणी पायी जाण्याचा नवस केलेला असतो. कोणाला वाटते की कष्टावाचून यात्रा कसली? आणि दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर बसून देवाच्या दारी कसे जावे, असा संकोच कोणाला वाटतो. या तिन्ही भावना आदरणीय आहेत. म्हणूनच त्यांचा विचार नीट झाला पाहिजे.

शास्त्रांनी हा प्रश्न टाळलेला नाही. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात ऐश्वर्याच्या लोभाने वा मोहाने वाहनातून जाणाऱ्याची यात्रा निष्फळ सांगितली आहे. येथे दोष वाहनात बसण्याच्या हेतूत आहे. ज्याला आपल्या संपत्तीचा थाट मिरवायचा आहे त्याच्यासाठी ही ताकीद आहे. ज्याचे गुडघे साथ देत नाहीत त्याच्यासाठी नाही. किंबहुना याच कसोटीवर पायी चालणाऱ्यानेही स्वतःला तपासून पाहावे. या वयातही मी कोणाचा आधार न घेता आलो, हे सांगण्यासाठी जर पाऊल पडत असेल, तर मोह तेथेही आहेच. फक्त तो वाहनात न बसता पायी चालत आहे.

महाभारताच्या वनपर्वातील पांडवांची तीर्थयात्रा या दृष्टीने मननीय आहे. गंधमादनाच्या खडतर वाटेवर द्रौपदी श्रमाने मूर्च्छित पडली. तेव्हा भीमाने घटोत्कचाचे स्मरण केले. त्याने द्रौपदीला उचलून घेतले, त्याच्या सोबत्यांनी पांडवांना व बरोबरच्या ब्राह्मणांना वाहून नेले आणि सर्वजण बदरीच्या आश्रमी पोहोचले. पराक्रमी पांडवांनाही त्यात कमीपणा वाटला नाही. त्याच पर्वात, यात्रेस निघण्यापूर्वी, भूक, तहान, श्रम आणि थंडी ज्यांना सोसवणार नाही त्यांनी परत फिरावे, असे युधिष्ठिर सांगतो. परत फिरणाऱ्यांना त्याने अश्रद्ध म्हटले नाही.

येथे अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. गोरक्षनाथ शिखरावर पोहोचलेल्या वृद्ध यात्रेकरूला दत्तशिखर समोर दिसत असते, आणि पाय मात्र थरथरू लागलेले असतात. वर्षानुवर्षे मनात धरलेले दर्शन एवढ्यावर आलेले असताना परतावे कसे? मन म्हणते, वरपर्यंत कसेही जाऊ, पुढचे देव पाहील. या वाक्यात श्रद्धा दिसते, पण परतीचे ओझे त्यात देवावर आणि प्रत्यक्षात सोबतच्या माणसांवर टाकलेले असते. अरुंद पायऱ्यांवर एक माणूस पडला की मागचे दहा जण थांबतात, चार जण त्याला खांदा देतात आणि घरचे लोक पुढे कित्येक महिने त्याची सेवा करतात. काठीचा आधार नको म्हणणारा अशा रीतीने अनेकांचा आधार घेतो, आणि तोही त्यांना न विचारता. परतीपुरती शक्ती शिल्लक ठेवणे हा त्यामुळे यात्रेचाच नियम ठरतो. ती शिल्लक नसेल तर समोरच्या शिखराला जेथे असू तेथूनच हात जोडावेत. त्या नमस्कारात दर्शनाची हुरहुर राहील, ती राहू द्यावी. सर्व इच्छा पुऱ्या झाल्या तरच भक्ती, असे कोणत्याही संताने म्हटलेले नाही.

डोलीविषयीचा संकोच मात्र पूर्णपणे जाऊ नये. दुसऱ्याच्या खांद्यावरचा भार आपण आहोत, याची जाणीव राहिली तर डोलीवाल्याशी वागणे आपोआप सुधारते. ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी, त्याला विसावा घेऊ द्यावा, त्याचे पाणी-चहा विचारावे. तो आपल्या श्रमावर घर चालवतो. त्याचा मान राखून घेतलेला आधार हलका होतो. तसेच नातवाने किंवा अनोळखी सहयात्रीने पुढे केलेला हात नाकारताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीर्थक्षेत्री सेवेची संधी सर्वजण शोधत असतात आणि ती देणारा कोणी असल्याखेरीज सेवा घडत नाही.

यातून काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात. काठी चढणीसाठी घेतली नाही तरी उतरणीसाठी अवश्य घ्यावी. ती किंचित लांब असावी व आधी काठी, मग पाऊल असा क्रम ठेवावा. पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत. पायरी उंच असल्यास अंग थोडे तिरके करून उतरावे. कठडा असेल तेथे कठड्याच्या बाजूने चालावे. दूरचे व जवळचे पाहण्याचा एकत्रित चष्मा असलेल्यांना खालची पायरी अंधुक दिसते. त्यांनी मान वाकवून पाहावे किंवा फक्त दूरचे पाहण्याचा चष्मा वापरावा. नखे कापलेली व नाड्या घट्ट असाव्यात. पाय थरथरण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने बसावे व पाणी प्यावे. गुडघ्यांचा, हृदयाचा वा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

वनपर्वात तीर्थाचे फळ कोणाला मिळते हे सांगताना मनाच्या संयमाबरोबर हातापायांच्या संयमाचाही उल्लेख येतो. उतरणीवर त्याचा अर्थ अगदी सरळ होतो. आवरून टाकलेले पाऊल हाच तेथला संयम होय. भीमाशंकरासारख्या क्षेत्री तर पायऱ्या उतरूनच देवाजवळ जावे लागते. ज्येष्ठ यात्रेकरूंनी घाई न करता, संकोच न बाळगता, आधार घेत उतरावे आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी आपला वेग त्यांच्या पावलांशी जुळवावा, ही सर्व भाविकांना नम्र विनंती.