प्रमाद आणि पाप

‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य मनुष्याच्या तोंडून जितक्या सहज बाहेर पडते तितक्या सहज त्याचे मोल ठरविता येत नाही. ज्याने जाणूनबुजून दुसऱ्याचा घात केला तो दोषी, याविषयी कोणत्याही काळी व कोणत्याही देशी फारसा मतभेद झालेला नाही. परंतु ज्याच्या मनात वैर नव्हते, लोभ नव्हता, केवळ पाहावयाचे ते त्याने पाहिले नाही आणि त्यामुळे एका निरपराध जिवाचा अंत झाला, त्यास आपण काय म्हणावे? दुर्दैवी म्हणावे की पापी म्हणावे? हा प्रश्न शास्त्रीपंडितांच्या वादापुरताच आहे असे कोणी समजू नये. ज्या घरात बंदूक आहे त्या घरातील प्रत्येक माणसास तो लागू आहे. आणि नीट विचार केल्यास, ज्यांच्या घरात बंदूक नाही त्यांसही तो तितकाच लागू आहे असे दिसून येईल.

या प्रश्नाशी आमचा पहिला परिचय चिंचोटी येथे झाला. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यास जेथे भिवंडीची वाट फुटते, तेथे तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. आज ते नाव निघाले की लोकांस धबधबा आठवतो. अर्धशतकापूर्वी आम्हांस तेथले आजोळ तेवढे ठाऊक होते. भात पोटरीस आले की रात्री डोंगरातून रानडुकरे उतरत व एका रात्रीत खाचरेच्या खाचरे लोळवून टाकीत. आमच्या मामांकडे परवान्याची दुनळी बंदूक होती. डुकरांचा सुगावा लागला की ते बांधावर जाऊन हवेत एक बार काढीत, आणि कळप परत रानात पळे.

असाच एकदा रात्री बार काढून मामा परत आले. पाऊस लागलेला, अंगाला थंडी भरलेली. बंदूक त्यांनी माजघराच्या कोपऱ्यात टेकविली व ते निजले. सकाळी ती आमच्या दृष्टीस पडली. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो. रात्री बार उडाल्याचा आवाज आम्ही स्वतः ऐकला होता. तेव्हा उडालेली बंदूक ती रिकामी, हे आमचे तर्कशास्त्र. ती उचलून आम्ही समोर चुलीपाशी शेकत बसलेल्या मामेभावावर रोखली आणि पुढचा चाप ओढला. चाप ढिला लागला. काहीच झाले नाही. मामेभाऊ हसला, आम्हीही हसलो. इतक्यात मामा दारात उभे असलेले दिसले. त्यांनी काही न बोलता बंदूक आमच्या हातून घेतली, नळ्यांचे तोंड जमिनीकडे केले व ती उघडली. दोन काडतुसे किंचित वर उचलली गेली. उजवीकडच्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी खळी पडलेली होती. डावीकडच्याचे बूड गुळगुळीत होते.

मागचा चाप ओढावा असे आमच्या मनात आले असते तर काय झाले असते, हे सांगावयास नकोच. मामांनी आम्हांस मारले नाही. दोन्ही काडतुसे हातावर घेऊन ती त्यांनी घरातील सर्वांस दाखविली आणि मामींच्या देखत म्हणाले, “बाळ, यात चूक आधी माझी, मग तुझी.” त्या दिवसाचे पुष्कळ तपशील आम्ही विसरलो आहोत, हे वाक्य मात्र विसरलो नाही. त्या वेळी ते आम्हांस केवळ मामांच्या थोरपणाचे वाटले. पुढे वय वाढल्यावर त्यातील नीतिविचार ध्यानात येऊ लागला.

दुनळी बंदुकीची रचना पाहिली तर तो विचार अधिक स्पष्ट होतो. ही बंदूक म्हणजे एका दस्त्यावर बसविलेल्या दोन बंदुकाच होत. नळ्या दोन, त्यांच्या कळा दोन, आणि जुन्या पद्धतीच्या बंदुकीस चापही दोन; बहुधा पुढचा उजव्या नळीचा व मागचा डाव्या नळीचा. एक बार उडाला म्हणजे अर्धीच बंदूक रिकामी झाली. उरलेली अर्धी पूर्ववत सज्ज असते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्याची काही खूण दिसत नाही. ज्या बंदुकीचे घोडे बाहेर असतात तिच्यात निदान चढलेला घोडा डोळ्यांस दिसतो. ज्यांचे घोडे आत झाकलेले, त्यांत तीही सोय नाही. चापाजवळ सुरक्षेचा खटका असतो खरा. परंतु पुष्कळ बंदुकांत तो केवळ चाप अडवून धरतो, आतला घोडा अडवीत नाही. बंदूक हातून निसटून दगडावर आपटली तर खटका लावलेला असूनही बार उडू शकतो. यास्तव जाणता शिकारी खटक्यावर भिस्त ठेवीत नाही. कुंपण किंवा ओढा ओलांडण्यापूर्वी बंदूक उघडतो, काडतुसे काढून खिशात घालतो आणि मग पाऊल उचलतो.

या शस्त्राचे बाकीचे नियमही असेच साधे आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजून ती हाती घ्यावी. ज्याचा नाश करावयाचा नाही त्याकडे नळीचे तोंड कधीही वळवू नये. नेम ठरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. लक्ष्य कोणते व त्याच्या पलीकडे काय आहे हे पक्के कळल्यावाचून बार काढू नये. भरण्यापूर्वी नळ्यांतून आरपार उजेड पाहावा. कारण चिखलाचा लहानसा गोळासुद्धा आत राहिला तर नळी फुटते. बारा नंबरची बंदूक म्हणजे जिच्या नळीत बरोबर बसतील अशा बारा शिसाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते ती. वीस नंबरची त्याहून अरुंद. वीस नंबरचे काडतूस चुकून बाराच्या नळीत पडले तर ते पुढे घसरून अडकते, आणि मागून बाराचे काडतूस भरले की दोहोंचा मिळून स्फोट होतो. म्हणूनच वीस नंबरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला. चाप ओढूनही बार न उडाल्यास बंदूक लागलीच उघडू नये. तोंड सुरक्षित दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. दारू कधी कधी उशिराने पेटते. चिंचोटीपासून फार दूर नसलेल्या वसईच्या किल्ल्याखाली १७३९ साली मराठ्यांनी पेरलेल्या सुरुंगांपैकी काही उशिरा उडाले व पुढे धावलेली त्यांचीच माणसे त्यांत दगावली, असे इतिहासकार सांगतात. विस्तव आपल्या वेळेने पेटतो, आपल्या अंदाजाने नव्हे.

यांतील एकही नियम समजण्यास विद्वत्ता लागत नाही. मग अपघात का होतात? कारण हे नियम बुद्धीचे नसून सवयीचे आहेत, आणि सवय आपण ‘या खेपेस गरज नाही’ असे म्हणून मोडतो. थकलेल्या मामांस नियम ठाऊक नव्हता असे नाही. त्या रात्री त्यांनी तो पाळला नाही इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कर्माची योग्यता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, केवळ बाह्य परिणामावरून नव्हे, हे तत्त्व टिळकांनी गीतारहस्यात मोठ्या विस्ताराने मांडले आहे. ते मान्य केले तर ज्याची बुद्धी शुद्ध, त्यास अपघाताचा दोष कसा लागेल, असे कोणी विचारील. आमच्या मते येथे शुद्ध बुद्धी म्हणजे काय याचाच घोटाळा होतो. मनात वैर नसणे म्हणजे बुद्धी शुद्ध असणे नव्हे. दुसऱ्याच्या जिवाची जितकी चाड बाळगावयास पाहिजे तितकी न बाळगणे हीसुद्धा बुद्धीचीच अवस्था आहे. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या क्रियेबरोबर प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा, उल्लेख केला आहे तो याचसाठी. त्या दृष्टीने पाहता बेसावध मनुष्याच्या हातून कोणी मेला नाही तरी हिंसेचे बीज त्याच्या ठिकाणी असतेच. आणि पूर्ण सावध असलेल्याच्या हातून दैवगतीने जीव गेला तरी तो हिंसक ठरत नाही.

कायद्याचीही दृष्टी याहून फार निराळी नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कुऱ्हाडीचा एक दृष्टांत होता: काम करीत असता पाते दांड्यातून निसटून जवळ उभा असलेला मनुष्य मेला, तर कामकऱ्याने योग्य ती काळजी घेतली असल्यास तो गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे. मात्र ‘योग्य ती काळजी’ ही त्यातील अट आहे; ती पाळली नाही तर निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल जुन्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती, ती नव्या संहितेत पाच वर्षांपर्यंत झाली. लग्नाच्या वरातीत हर्षभराने बार काढून इतरांचे जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यात कोणी मेलाच पाहिजे असे नाही.

परंतु कायदा व लोकमत या दोहोंस एका गोष्टीचा निकाल नीट लावता येत नाही. दोघांनी सारखाच हलगर्जीपणा केला. एकाच्या बाराने पाने झडली, दुसऱ्याच्या बाराने माणूस पडला. पहिल्यास आपण विसरतो, दुसऱ्यास जन्मभर दोष देतो. याला ‘नैतिक दैव’ असे नाव देऊन बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी १९७६ साली त्याची चर्चा केली. आमच्यापुरते सांगावयाचे तर त्या सकाळी आमचे बोट पुढच्या चापावर गेले, मागच्या नव्हे, यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. मामेभाऊ आज नातवंडांत रमला आहे. आम्हांस कोणी अपराधी म्हणत नाही. तरी आमच्या मनाचा हिशेब केला तर त्या क्षणीचे मन आणि ज्याच्या हातून खरोखर भाऊ मेला अशा एखाद्या मुलाचे मन, यांत रतिमात्र अंतर सापडत नाही.

याच पालघर जिल्ह्यात, मनोरजवळील बोरशेतीच्या रानात, २०२५ च्या जानेवारीअखेर काही गावकरी डुकराच्या शिकारीस गेले. रानात त्यांची फाटाफूट झाली, झुडुपात हालचाल दिसली, डुक्कर समजून बार काढला गेला, आणि पडला तो त्यांचाच सोबती. पुढे भयाने त्यांनी प्रेत झाडीत लपविले व कोणास कळविले नाही. काही दिवसांनी पोलिसतपासात ही हकीकत उघडकीस आल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशी विनापरवाना शिकार मुळातच निषिद्ध आहे, तेव्हा भय कशाचे होते हे उघड आहे. ही माणसे राक्षस नव्हती. परंतु येथे एका प्रमादाचे दोन अपराध झाले; पहिला क्षणाचा, दुसरा विचारपूर्वक केलेला. पहिल्यात ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास थोडी जागा होती; दुसऱ्यात ती मुळीच उरली नाही.

हे वाचताना आम्हांस वाल्मीकींचा दशरथ आठवला. शरयूच्या तीरी अंधारात घागर भरल्याचा आवाज झाला. हत्ती पाणी पितो आहे असे समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला, आणि एका तपस्व्याचा मुलगा पडला. नेमाची विद्या त्याच्यापाशी पूर्ण होती. लक्ष्याची खात्री मात्र त्याने केली नव्हती. परंतु त्यानंतर तो पळाला नाही. पाण्याचे भांडे घेऊन तो आंधळ्या मातापित्यांकडे गेला व आपल्या तोंडाने सर्व सांगितले. पुत्रशोकाने होरपळलेल्या त्या पित्यानेही कबूल केले की, हे कृत्य अजाणता घडले आणि तू स्वतः येऊन सांगितलेस म्हणूनच तू वाचलास. शाप टळला नाही. त्याचे उग्रत्व तेवढे कमी झाले. अज्ञानाने दोष हलका होतो पण नाहीसा होत नाही, आणि कबुलीने मनुष्य निर्दोष ठरत नाही पण मनुष्य राहतो, इतका बारकावा त्या जुन्या कथेत आहे.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. प्रत्येक वेळी संशय घेत राहणे हे मनाचे दौर्बल्य नव्हे काय? स्नेह्याने बंदूक उघडून दाखविल्यावर पुन्हा आपण पाहणे हा त्याचा अपमान नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या प्रसंगानंतर मामा बंदूक कोणाच्याही हाती देताना आधी स्वतः उघडून पाहत, उघडीच पुढे करीत, आणि घेणाराने दोन्ही नळ्या पाहिल्याशिवाय आपला हात सोडीत नसत. त्यात अविश्वास नव्हता. आपल्या सांगण्यापेक्षा दुसऱ्याचा जीव मोठा, एवढीच त्यात कबुली होती. जो स्वतःच्या स्मरणावर संशय घेऊ शकतो तोच दुसऱ्यास सुरक्षित ठेवू शकतो.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यास शस्त्र हाताळण्याचे शिक्षण आवश्यक केले आहे, हे योग्यच झाले. तुंगारेश्वराचे रान २००३ साली अभयारण्य झाले. मामा कैलासवासी झाले. त्यांची बंदूक रीतसर जमा झाली. परंतु बंदूक गेली म्हणून नियम गेला असे नाही. गाडीचे चाक हाती घेणारा, औषधाची बाटली न वाचता चमचा भरणारा, ऐकीव गोष्टीवर दुसऱ्याच्या अब्रूवर नेम धरणारा, या सर्वांच्या हाती दुसरी नळी भरलेली असण्याचा संभव आहेच. ती उघडून पाहण्यास क्षणभर लागतो. तो क्षण ज्याने दिला नाही त्याने पुढे ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणावे, यात खोटे काही नसेल. परंतु पाहणे आपल्या हाती होते, हेही तितकेच खरे असते. आणि इतके करूनही चूक घडलीच, तर काडतुसे हातावर घेऊन सर्वांसमोर उभे राहावे, हे आम्ही चिंचोटीच्या त्या माजघरात शिकलो.