चाकाआडची चूल

गृहस्थाला अग्नी असावा आणि घरही असावे, संन्याशाला दोन्ही नसावीत, अशी आश्रमांची वाटणी आपल्या धर्मशास्त्राने करून ठेवली आहे. आणि ती इतकी नेटकी आहे की ज्याच्यापाशी अग्नी आहे पण घर मात्र शेकडो कोस मागे राहिले आहे, अशा मनुष्याची तजवीज करण्याचे तिला कारणच पडले नसावे. असा मनुष्य आज मुंबई-आग्रा रस्त्यावर कसाऱ्याचा घाट चढून आल्यावर, किंवा न्हावाशेव्याच्या बंदराबाहेर कंटेनरांच्या रांगेत खोळंबलेला, केव्हाही दृष्टीस पडतो. मागच्या चाकाला दगड लावलेला असतो, वारा लागू नये म्हणून टायरच्या आडोशाला पाच किलोच्या सिलिंडरची शेगडी मांडलेली असते, क्लीनर उकिडवा बसून कांदा चिरत असतो, आणि गाडीच्या कडेला जडवलेल्या पेटीतून पिठाचा डबा, तिखटमिठाच्या पुड्या, तेलाची बाटली असे जिन्नस एकामागून एक बाहेर येत असतात. ड्रायव्हर नामक्कलकडचा असेल तर भात शिजतो, पंजाबकडचा असेल तर कणीक मळली जाते, आणि आपल्या सांगली-साताऱ्याकडचा असेल तर बहुधा कुकरात खिचडी टाकून मोकळा होतो. देव केबिनमध्ये, काचेपाशी, हार घालून बसलेला असतो. या स्वयंपाकाला धर्माच्या दरबारात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न मला विचारण्याजोगा वाटतो.

प्रश्न उद्भवतो तो असा. स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात हिंसेची पाच स्थाने मोजली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी नकळत होणाऱ्या जीवहत्येच्या परिमार्जनासाठी पंचमहायज्ञ सांगितले, देव, ऋषी, पितर, भूते आणि अतिथी यांचा वाटा काढावयास लावला, आणि या सर्वांचे देऊन जे उरेल ते गृहस्थाचे अन्न ठरवले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने तर केवळ स्वतःच्या पोटाकरिता अन्न रांधणाऱ्यावर पापभक्षणाचा ठपका ठेवला आहे. आता ज्याची बायकामुले बिहारात किंवा बीडमध्ये आहेत, ज्याच्या दारी अतिथी येणार कसा, कारण दारच नाही, त्याने आपल्यापुरते मूठभर तांदूळ शिजवले तर हा ठपका त्याच्यावर बसतो काय?

खुद्द ड्रायव्हरला विचारले तर तो हिशेबाचे कारण सांगतो. मालक फेरीमागे जो भत्ता देतो त्यातून दोन वेळचे ढाब्यावर खाल्ले तर हाती फारसे उरत नाही. शिवाय ढाब्याचे तेल-तिखट महिनोन्महिने सोसण्याजोगे पोट सर्वांचे नसते. हे कारण व्यावहारिक आहे म्हणून तत्त्वचिंतकाने नाक मुरडावे असे नाही. वाचलेला पैसा गावी जातो, त्यावर तिकडची चूल पेटते, मुलाची फी भरली जाते, म्हाताऱ्या आईचे औषध येते. म्हणजे वरकरणी जो स्वतःसाठी शिजवतो तो वस्तुतः पोष्यवर्गाचा वाटा आधी काढून ठेवूनच जेवायला बसलेला असतो. वैश्वदेवाची आहुती त्याने मनीऑर्डरीने दिली, एवढेच. ती फोनवरून जाऊ लागल्याने तिचे पुण्य कमी झाले असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप शुद्धीचा. आपल्या घरांतून सोवळ्याओवळ्याचे जे शास्त्र वाढले त्याला प्रवासाची मोठी धास्ती होती, आणि त्या धास्तीतूनच त्याने पळवाटाही काढल्या; पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवले की झालेली दशमी खरकटी नव्हे, सबब ती वाटेत चालते, ही त्यांतली सर्वांत रुचकर पळवाट. पण उपनिषदे या बाबतीत स्मृतींहून आणि आजीबाईंहून पुष्कळच निर्भीड आहेत. छांदोग्यात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरूंचा मुलूख गारपिटीने म्हणा की टोळधाडीने म्हणा उद्ध्वस्त झाला, तेव्हा हा विद्वान ब्राह्मण पत्नीसह देशोधडीला लागून हत्ती बाळगणाऱ्यांच्या एका गावी आला आणि तिथे घुगऱ्या खात बसलेल्या एका मनुष्यापाशी त्याने त्याच्या उष्ट्यातल्याच घुगऱ्या मागून खाल्ल्या. त्या मनुष्याने वर पाणी पुढे केले तेव्हा मात्र उष्टे म्हणून नाकारले. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय, असे साहजिकच विचारले गेले. त्यावर त्याने जो खुलासा केला त्याचा आशय असा की त्या खाल्ल्या नसत्या तर जीव गेला असता, पाणी मात्र मला हवे तेथे मिळेल. शुद्धीचा नियम गरजेपाशी थांबतो आणि गरज संपताच पुन्हा सुरू होतो, ही सीमारेषा त्याने इतकी बारीक आखली की नंतरच्या आपद्धर्माच्या पोथ्यांना ती फारशी सुधारता आली नाही. पेट्रोलपंपाच्या नळावर तांदूळ धुणारा ड्रायव्हर उषस्तीचाच न्याय पाळत असतो, आणि गंमत अशी की तोसुद्धा चपला काढूनच शेगडीपाशी बसतो.

त्याच ग्रंथात, थोडे पुढे, या विषयाला याहूनही जवळची एक गोष्ट आहे. जानश्रुती नावाच्या राजाने जागोजाग धर्मशाळा बांधल्या होत्या, आणि सर्वत्र लोकांनी आपलेच अन्न खावे अशी त्याची आकांक्षा होती. एका रात्री त्याच्यावरून उडत जाणाऱ्या हंसांच्या संभाषणातून त्याला कळले की गाडीवाल्या रैक्वापुढे त्याचे तेज काहीच नाही. शोध घेता हा रैक्व एका गाडीखाली अंग खाजवीत बसलेला सापडला. राजाने सहाशे गाई पुढे केल्या. त्याने त्या झिडकारल्या. (पुढे हजार गाई, एक गाव आणि राजकन्या मिळाल्यावर तो प्रसन्न झाला, ही गोष्ट प्रवचनकार घाईने उरकतात, मी ती लपवू इच्छीत नाही.) अन्नदान थोर आहे यात वाद नाही, आणि अहिल्याबाईंसारखी व्यक्ती ते करते तेव्हा त्यात अभिमानाचा लवलेश शोधणे कृतघ्नपणाचे ठरेल, पण सर्व वाटांवर माझेच अन्न, या इच्छेत वाटसरूला मिंधे करणारे काहीतरी आहे, आणि गाडीच्या सावलीत बसलेला मनुष्य तेवढे मिंधेपण नाकारतो. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागून ढाबे एकाएकी बंद झाले, तेव्हा वाटेत अडकलेल्यांपैकी ज्यांच्या पेटीत शेगडी आणि शिधा होता ते त्या दिवसांत कोणाच्या दारी उभे न राहता जेवले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी पेटवणे हे तत्त्वज्ञान नव्हे, आत्मघात आहे. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला तो जागे करत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे योग्यच झाले; पण बंद काचांची सवय लागली की हा धोका वाढेल, घटणार नाही. आपल्या परंपरेत इष्टाच्या जोडीला पूर्त सांगितले आहे, म्हणजे विहिरी, तळी, धर्मशाळा यांची लोकोपयोगी कामे. सरकाराने जानश्रुतीप्रमाणे ड्रायव्हरांना जेवू घालण्याच्या भरीस पडू नये. थांब्यावर एक नळ, वर पत्र्याचे छप्पर, खाली दगडी ओटा आणि एक स्वच्छ शौचकूप एवढे दिले तरी पूर्तकर्म पदरी पडेल, आणि रांधणाऱ्याचे स्वातंत्र्यही अबाधित राहील.

आषाढी वारीत आळंदीहून निघालेल्या दिंड्यांचे ट्रक तंबू आणि शिधा घेऊन पुढच्या मुक्कामी जातात, आणि वारकरी चालून पोचेपर्यंत तेथे स्वयंपाकाची तयारी होते. तेथे गीतेचा ठपका बसण्याचा प्रश्नच नाही, कारण आपल्यापुरते कोणी रांधतच नाही. खरी अडचण एकट्या ड्रायव्हरची. क्लीनर होता तोवर उस्ताद आणि तो, बहुधा वेगळ्या जातीचे आणि पुष्कळदा वेगळ्या प्रांताचे, एकाच थाळीत जेवत. समाजसुधारकांना सहभोजनासाठी सभा घ्याव्या लागल्या, यांना नुसती भूक पुरली. आता खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ गाड्यांवर क्लीनर ठेवतच नाहीत, आणि मघाशी मनीऑर्डरीने सोडवलेला प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. रैक्वाने राजाला शिकवलेल्या विद्येतच एक कथा आहे: दोघे जेवायला बसले असता एका ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागितली आणि त्यांनी ती दिली नाही, तेव्हा, हे अन्न ज्याचे आहे त्यालाच तुम्ही ते दिले नाही, असे त्याने त्यांना सुनावले. घरी पाठवलेल्या पैशाने कुटुंबाचा वाटा पोचतो, समोर उभ्या राहिलेल्याचा पोचत नाही. न्हावाशेव्याच्या रांगेत एकाचा भात आणि शेजारच्याची डाळ एकत्र होते, ते काटकसरीसाठी होते की धर्मासाठी, हे त्या दोघांना विचारण्यात अर्थ नाही. स्मृतिकारांनीही अतिथीला नावगोत्र विचारू नये असे सांगितले, यजमानाचा हेतू विचारावा असे कुठे म्हटले नाही.