मावळच्या रागाला नाव कोणते?

पवना धरणाचे पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. ते धरणातूनच बंद जलवाहिनीने नेण्याची योजना आली, तेव्हा मावळातल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना आपल्या पाण्याची धास्ती वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी ते बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा जीव गेला.

त्या दिवशी रस्त्यावर होता तो राग. इंग्रजीत ‘अँगर’ म्हणून मोकळे होता येते, पण त्याच भाषेने या भावनेचे बारकावे कसोशीने जपले आहेत. ‘रेज’ म्हणजे भान सुटलेला संताप. ‘इंडिग्नेशन’ची गोष्ट वेगळी. त्याच्या मुळाशी ‘अयोग्य’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. घडले ते न्यायाला धरून नाही, हा निवाडा त्या रागातच असतो. मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘चीड’ येते. खंडाळ्याच्या घाटात गाड्या तासन्‌तास तुंबल्या की वैताग येतो. चीड येते ती अन्यायाची.

‘रिझेंटमेंट’ फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ पुन्हा जाणवणे. जुनी दुखापत माणूस मनात परत परत भोगतो, ती ही भावना. आपल्याकडे ‘सल’ आणि ‘अढी’ असे दोन शब्द तिच्या आसपास आहेत, तरी सलात दुःख अधिक आणि अढीत दुरावा अधिक.

मावळात हा सल जुना आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, आणि धरण झालेच. पुढे पवना धरण बांधले गेले. त्यातल्या कित्येक विस्थापितांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडले. बऊरच्या रस्त्यावरची चीड या सलावर उभी होती.

म्हणून शब्द निवडताना जबाबदारी येते. ‘रेज’ म्हटले की बंदोबस्त आठवतो. ‘इंडिग्नेशन’ म्हटले की तक्रार ऐकून घ्यावी लागते. ‘रिझेंटमेंट’ म्हटले की जुने कागद काढून थकलेली देणी तपासावी लागतात. ‘जनक्षोभाचा उद्रेक’ या ठरावीक मथळ्यात यातले काहीच उरत नाही. माणसांचे म्हणणे पुसले जाते आणि ज्वालामुखी तेवढा दिसतो.

आंदोलनाच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी एवढे तरी करावे: लोक चिडले असे लिहिताना ते कशाने चिडले, हे त्याच वाक्यात लिहावे.