चातुर्मासाचा नेम आणि अवंतीचा कदर्यु

आषाढी जवळ आली की एक प्रश्न आम्हांस हमखास ऐकावा लागतो. कीर्तन आटोपते, आरती होते, बुक्का लागतो, आणि मग कोणी तरी हळूच बाजूस घेऊन विचारतो, "महाराज, दरसाल नेम धरतो, पण कार्तिकीपर्यंत काही जात नाही. आमचे मनच घट्ट नाही. काय करावे?" प्रश्न लहान दिसतो. पण विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले तर कळते की नेम मोडला हे त्याचे दुःख थोडे आहे. आपण मुळातच कच्चे, आपल्या हातून काही व्हायचे नाही, असा निकाल त्याने स्वतःच देऊन टाकला आहे, हे दुःख मोठे. मोडलेला नेम पुन्हा धरता येतो. हा निकाल मात्र माणसाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही.

याचे उत्तर आम्ही पदरचे देणार नाही. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधाचा तेविसावा अध्याय काढावा. भिक्षुगीत म्हणतात ते हेच. या स्कंधावर नाथांनी प्राकृतात टीका केली आणि ती शके 1495, म्हणजे इसवी सन 1573 मध्ये, काशीस पूर्ण केली. वारकऱ्याच्या घरी हा ग्रंथ असतोच. तेविसावा अध्याय मात्र सावकाश वाचावा, पारायणाच्या घाईत तो निसटतो.

अवंती देशात एक ब्राह्मण होता. शेती आणि व्यापार करून गडगंज झाला, पण हात कधी सैल झाला नाही. दारी आलेल्या अतिथीला घास नाही, गोड शब्दसुद्धा नाही. देवपितरांचा भाग नाही. अहो, स्वतःच्या पोटालाही वेळच्या वेळी अन्न नाही! बायको, मुले, सोयरे, गडीमाणसे सारी मनातून विटली. म्हणून त्यास कदर्यु म्हणतात.

आता येथे थांबू. मन घट्ट असावे म्हणता ना? मग या कदर्यूइतके घट्ट मन कोणाचे? थंडी, ऊन, भूक, लोकनिंदा, काही म्हणून त्याला हलवीत नव्हते. एक ध्येय धरले आणि जन्मभर सोडले नाही. निश्चय एवढीच जर कसोटी असती तर हा ब्राह्मण संतांच्या पंक्तीस बसता. तेव्हा मन घट्ट आहे की नाही हा प्रश्न दुसरा. ते कोठे घट्ट झाले आहे हा पहिला. आमच्याकडे येऊन "मन कच्चे" म्हणणारा गृहस्थच पहाटे चारला उठून गुरांचे शेणपाणी करतो, वर्षानुवर्षे, एक दिवस चुकत नाही. मग मन कच्चे कसे? ते तिकडे लागले आहे, इकडे लागले नाही, इतकेच.

पुढे त्याचे धन गेले. काही भाऊबंदांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने, काही दैवाने आणि काळाने. त्याचे पुण्य सरले असे भागवत म्हणते. त्याचा निश्चय सरला असे म्हणत नाही. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण अलीकडे एक निराळेच प्रवचन बाजारात मिळू लागले आहे. मनात आणले की सारे मिळते, ज्याला मिळाले नाही त्याचे मन दुबळे, असे त्याचे सार. ऐकायला गोड वाटते. पण आमच्या दिंडीतला शेतकरी पेरणी करून वाटेला लागतो आणि मागे पाऊस ताण देतो. दुबार पेरणीची वेळ त्याच्यावर आली तर त्याचा भाव कमी पडला म्हणायचे काय? असे सांगणे हे कीर्तन नव्हे, जाच आहे. मनाने मेघ येत नाहीत. भिक्षूने मनाला सुखदुःखाचे कारण म्हटले आहे. धनधान्याचे कारण म्हटलेले नाही.

धन गेल्यावर कदर्यु आधी रडला, आणि मग त्याला अनुताप झाला. तो म्हणतो की आयुष्य गेले, शक्ती गेली, आता म्हातारपणी काय साधणार? पण लगेच त्याला खट्वांग राजाची आठवण होते. खट्वांगाला कळले की आपल्या आयुष्याचा एक मुहूर्त उरला आहे. मुहूर्त म्हणजे दोन घटका, आपल्या घड्याळाने 48 मिनिटे. तेवढ्यात त्याने साधले. "आता वय झाले महाराज" म्हणणाऱ्यांनी हे दोन घटकांचे गणित करून पाहावे.

तो भिक्षू झाला. लोकांनी त्याला सुखाने भिक्षा मागू दिली काय? छे! कोणी त्याचा दंड ओढला, कोणी कमंडलू पळविला, माळ नेली, चिंध्या नेल्या. देतो म्हणून दाखवावे आणि पुन्हा हिसकावून घ्यावे. नदीकाठी जेवायला बसला तर अन्न विटाळले, अंगावर थुंकले, दोरीने बांधले, आणि "हा ढोंगी, पैसा गेला म्हणून जोगी झाला" असे वर हिणवले. अंगावर थुंकण्याचा हा प्रसंग लिहिताना नाथांना काय वाटले असेल! पैठणास गोदावरीचे स्नान करून परतताना एक मनुष्य त्यांच्यावर पुनःपुन्हा थुंकला आणि ते पुनःपुन्हा स्नानास गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

त्या अवस्थेत भिक्षू विचार करतो की माझ्या दुःखाचे कारण कोण? हे लोक? देवता? ग्रह? कर्म? काळ? एकेक तपासून तो बाजूस ठेवतो. तो विचारतो, आपल्याच दातांनी आपली जीभ चावली तर रागवायचे कोणावर? शेवटी येतो मनावर. दान, स्वधर्म, यमनियम, व्रते, अध्ययन या सर्वांचा शेवट एकच, मन ताब्यात येणे. ते आले असेल तर या साधनांचे काम झाले. आले नसेल तर नुसत्या साधनांच्या राशीने काय झाले?

मात्र एक सांगून ठेवतो. भिक्षूने हे स्वतःला सांगितले. शेजारच्या मार खाणाऱ्याला जाऊन सांगितले नाही. सुनेला दिवसभर राबवून रात्री "अगं, सगळे मनावर असते" म्हणणाऱ्या सासूबाई आम्ही पाहिल्या आहेत. भिक्षुगीत दुसऱ्याला ऐकवायचे नसते, बरे का!

आता मन लागावे कसे? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच गाऱ्हाणे केले. वाऱ्याची मोट बांधता येईल काय, असा त्याचा भाव. भगवंतांनी त्याला खोटे पाडले नाही. मन आवरण्यास कठीण आहे हे आधी मान्य केले, आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय दिले. अभ्यास कशाला म्हणावे हे पतंजलींनी सांगितले आहे. दीर्घ काळ करावा, खंड पडू देऊ नये, आणि आदराने करावा. पहिल्या दोहोंकडे सगळ्यांचे लक्ष असते. आमच्या पाहण्यात नेम मोडतो तो बहुधा तिसऱ्यापायी. हरिपाठ म्हणताना डोळा घड्याळावर, एकादशीला चित्त दुसऱ्या दिवशीच्या पारण्यावर. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. दिवस मोजणाऱ्याला तो पाचवा महिना दंडासारखा वाटला. ज्याला गोडी लागली होती, त्याला महिनाभर जास्त मिळाला.

माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालला असाल तर हे वेगळे सांगायला नको. मोठा टप्पा, बहुधा एकादशी, पोटात उपवास आणि समोर दिवे घाट. घाटाच्या माथ्याकडे पाहत चालणाऱ्याची छाती आधी भरून येते. दिंडीतली म्हातारी माथा पाहत नाही. पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस पाहते, टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकते, आणि वर येऊन "आला का घाट?" म्हणून विचारते. तिला पंढरी विसरलेली नाही. पण पंढरी अजून किती लांब हे ती दर वळणावर मोजत नाही.

नेम मोडला तर काय? अर्जुनाने हेही विचारून ठेवले आहे, आपली सोय केली म्हणायची. वाटेत चुकलेला साधक फुटलेल्या ढगासारखा वाया जातो का? उत्तर मिळाले की नाही. केलेले बुडत नाही, पुढच्या जन्मीही तो जेथे थांबला तेथूनच चालू लागतो. जन्म ओलांडून जर हिशेब पुढे चालतो, तर भाद्रपदात चुकलेला एक दिवस अश्विनापर्यंत का ओलांडता येऊ नये? एक दिवस चुकला म्हणून सारे सोडणे हा नेमाचा कडकपणा नव्हे. तो मनाचा कावा आहे. त्याला सुटका हवीच होती.

2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या आणि वारकरी घरी राहिले. पिढ्यानपिढ्यांची वारी चुकली म्हणून कित्येकांच्या डोळ्यांना धार लागली. पण त्या दिवसांत कोणी अंगणातल्या तुळशीभोवती फेऱ्या घालीत हरिपाठ म्हटला, कोणी दिंडीच्या वेळेला घरीच टाळ घेतला. 2022 मध्ये वाट मोकळी झाली तेव्हा हीच मंडळी आळंदीला उभी होती.

तेव्हा या आषाढीला नेम घ्याल तो लहान घ्या. ज्ञानेश्वरी, गाथा आणि नाथांचे भागवत तिन्ही एकदम नकोत. त्यातली हौस श्रावण सरेतो टिकते. एकच ओवी, पण अर्थ लावून, रोज त्याच जागी, त्याच वेळी. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी दळणाची आठवण कोणी देणार नाही. प्रवासात असलात तर गाडीत म्हणा. चुकलात तर कोणाला सांगत बसू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसा. आणि पोथी अजून काढली नसेल तर तेविसाव्या अध्यायापासून आरंभ केला तरी चालेल.